दाब पिशवीचा, आकार बेडचा: फोमच्या पंखावर बाल्सा चढवताना

मॉडेल विमानाच्या पंखाबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पांढऱ्या थर्माकोलचा कोअर (आतला गाभा), एका बाजूच्या पंखाची लांबी ७५ सेंमी, सरासरी कॉर्ड (पंखाची पुढून मागपर्यंतची रुंदी) २५ सेंमी. वर-खाली दीड मिमी बाल्सा (अगदी हलकं लाकूड), इपॉक्सीने (हार्डनर कालवला की घट्ट होणाऱ्या रेझिनने) चिकटवलेला. पिशवीत घालून फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरने रात्रभर हवा खेचली. सकाळी पंख बाहेर काढला तर जाडी जवळजवळ अडीच मिमीने कमी आणि टिपेकडे (पंखाच्या बाहेरच्या टोकाकडे) पीळ. आता व्हॅक्यूमचा हा खटाटोप सोडून पूर्वीसारख्या विटा ठेवूनच काम करावं का?

सोडू नका. मी बरीच वर्षं फोमचे पंख करतोय आणि बाल्सा चढवायला पिशवीइतकी भरवशाची पद्धत मला दुसरी सापडलेली नाही. तुमच्या पंखात दोन वेगवेगळ्या चुका एकाच रात्री झाल्या, म्हणून सगळी पद्धतच वाईट वाटते आहे. जाडी गेली ती दाब जास्त झाल्यामुळे. पीळ पडला त्याचा दाबाशी संबंध नाही. पिशवी पंखाला सरळ धरून ठेवेल असं तुम्ही गृहीत धरलंत, आणि ते काम पिशवी करत नाही.

आधी दाबाचं बघू. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो, व्हॅक्यूम गेजच्या भाषेत जवळपास ३० इंच पारा. पिशवीतली हवा जितकी काढाल तितकी बाहेरची हवा पंखावर बसते. तुमच्या पंखाचं क्षेत्रफळ ७५ गुणिले २५, म्हणजे १८७५ चौरस सेंमी. गेजवर नुसते ५ इंच आले तरी दर चौरस सेंमीला सुमारे १७० ग्रॅम पडतात आणि सगळ्या पंखावर मिळून सव्वातीनशे किलोंच्या आसपास भार येतो. आता विटांचं गणित करून बघा. तीस किलोच्या विटा त्याच पंखावर ठेवल्या तर दर चौरस सेंमीला १६ ग्रॅम. गेजवर तो अर्धा इंचसुद्धा होत नाही. शिवाय विटांचा भार सरळ खाली जातो, लीडिंग एजच्या (पंखाच्या पुढच्या कडेच्या) गोलाईवर नीट बसतच नाही. पिशवी मात्र गोलाईवरही तितकाच दाब देते. व्हॅक्यूमचा खरा फायदा इथे आहे, आणि तो मिळवायला ५ इंच पुरतात.

तुमचा कॉम्प्रेसर मात्र ५ इंचांवर थांबलेला नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर मोकळा सोडला तर २५ इंचांच्या पुढे सहज जातो. हलका पांढरा थर्माकोल, घनमीटरला १५-१६ किलोचा, दर चौरस सेंमीला ७०० ग्रॅमच्या आसपास दाब आला की १० टक्के दबतो. २५ इंच म्हणजे साडेआठशे ग्रॅमच्या वर. पंखाची जाडी २५ मिमी धरली तर १० टक्के म्हणजे अडीच मिमी. तुमचा हरवलेला आकडा हाच आहे! हाच फोम अडीचशे ग्रॅमपर्यंत, म्हणजे गेजवर सात-सव्वासात इंचांपर्यंत, एक टक्क्याच्या आसपासच दबतो. त्यापुढे तो हळूहळू हार मानत जातो, आणि रात्रभर दाब राहिला तर आणखी बसतो. म्हणून हलक्या थर्माकोलला मी ४ ते ६ इंच देतो, त्याच्यावर जात नाही. दाट पांढऱ्याला ८ पर्यंत. निळा किंवा गुलाबी एक्स्ट्रूडेड फोम बराच कणखर असतो, त्याला १० ते १२ इंच देतो. तो याहून जास्त सहन करेल, पण बाल्साला त्याची गरज नसते. एवढ्या दाबात दीड मिमीचा मऊ बाल्सा साध्या पंखाच्या गोलाईवर व्यवस्थित बसतो. बसत नसेल तर लाकूड चुकीचं निवडलंय. त्याबद्दल पुढे लिहितो.

दाब आवरायचा कसा? पंप आणि पिशवी यांच्यामधल्या नळीत एक टी (तीन तोंडांचा सांधा) जोडा, त्याला बारीक सुईचा व्हॉल्व्ह लावा आणि थोडी बाहेरची हवा आत येऊ द्या. गेज पिशवीच्या बाजूला हवा, पंपाच्या तोंडाशी नको. फ्रिजचा कॉम्प्रेसर गॅसच्या प्रवाहाने थंड राहतो. पिशवीवर चालताना तो प्रवाह जवळजवळ नसतो, त्यामुळे रात्रभर सलग चालवला की फार तापतो. शक्य असेल तर जाड पाइपाची हवाबंद टाकी मध्ये घाला, एकदिशा व्हॉल्व्ह लावा आणि दाबाच्या स्विचवर पंप मधूनमधून चालू द्या. पिशवीला गळती नसेल तर पंप अधूनमधून काही सेकंदच लागतो. आणखी एक गोष्ट, ही गंभीरपणे घ्या. जुन्या फ्रिजमधला गॅस स्वतः नळी कापून सोडू नका. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेतो. गॅस जाणकाराकडून काढून घ्या आणि मगच कॉम्प्रेसर सोडवा. घरातला व्हॅक्यूम क्लीनर या कामाला वापरू नका. दाब पुरेसा मिळाला तरी त्याची मोटर वाहत्या हवेवर थंड होते, पिशवी बंद झाली की ती जळायला वेळ लागत नाही.

आता पिळाकडे येतो, कारण विमान पाडणारी चूक ही आहे. जाडी थोडी कमी झालेला पंख उडतो.

पिशवीतला दाब सगळीकडून सारखा असतो. वरून जितका, तितकाच खालून. त्यामुळे पंख दाबला जातो, पण कुठल्याही बाजूला ढकलला जात नाही. इपॉक्सी ओलं असताना वरची स्किन (बाल्साचा थर), कोअर आणि खालची स्किन एकमेकांवर सरकू शकतात. पत्त्यांचा जोड हातात धरून वाकवला तर पत्ते जसे सरकतात तसे. त्या अवस्थेत पंख केळ्यासारखा वाकवला तरी तो विरोध करत नाही. इपॉक्सी घट्ट झालं की सरकणं बंद होतं, आणि त्या क्षणी जो आकार असेल तो कायमचा. तुमची पिशवी टेबलावर नुसती पडली होती. खालची बाजू गोल, पंखाचं एक टोक नळीच्या ओढीने उचललेलं, पिशवीची घडी ट्रेलिंग एजखाली (पंखाच्या मागच्या कडेखाली). एवढ्यानेसुद्धा टिपेला दोन अंश पीळ पडतो.

यावर इलाज तुमच्याकडे आधीच आहे आणि बहुतेक तो कचऱ्यात गेला असेल. गरम तारेने कोअर कापल्यावर ठोकळ्याचे जे वरचे आणि खालचे तुकडे उरतात, तेच बेड. कोअरचा नेमका उलटा आकार त्यांच्यात असतो. ते जपून ठेवायचे, कोणता वरचा, कोणता खालचा, रूट (विमानाच्या धडाकडचं टोक) कुठे, टिप कुठे, सगळं पेनने लिहून ठेवायचं. मी बेड पिशवीच्या बाहेर ठेवतो. पंख पिशवीत, हवा खेचलेली, मग ती सगळी पिशवी खालच्या बेडमध्ये बसवायची, वर दुसरा बेड, त्यावर सपाट फळी, आणि फळीवर पंधरा-वीस किलो वजन. म्हणजे तुमच्या विटा लागणारच आहेत. त्या चिकटवण्याचं काम करणार नाहीत, फक्त पंख बेडच्या आकारात बसवून ठेवतील. बेडसुद्धा पिशवीत घातले तर बेडचाच फोम दबतो आणि पिशवी सगळा गठ्ठा कडांनी आवळून वाकवू बघते. तसं करणारे लोक आहेत, त्यांचे पंखही बरे होतात, पण त्यासाठी पिशवीच्या आत एक जाड सपाट फळी लागतेच.

खालचा बेड ज्यावर ठेवाल ते टेबल सपाट आहे का हे लांब पोलादी पट्टीने बघा, दोन्ही कर्णांवरही बघा. जाड काच किंवा जाड एमडीएफ चांगलं. वॉशआउट (टिपेची ट्रेलिंग एज मुद्दाम थोडी वर ठेवणारा पीळ) हवा असेल तर तो साच्याच्या पट्ट्यांमध्येच (गरम तार ज्यांवरून सरकते त्या) धरून कोअर कापा, म्हणजे बेडमध्येही आपोआप येतो. तो राहून गेला असेल तर खालच्या बेडखाली टिपेच्या ट्रेलिंग एजला पट्टी सारता येते. टिपेची कॉर्ड १८० मिमी असेल तर ३ मिमीची पट्टी जवळपास एक अंश देते. दोन्ही पंखांना एकाच पट्टीचे तुकडे वापरा. आणि दोन्ही बाजूंची स्किन एकाच वेळी चढवा. आज वरची, उद्या खालची असं केलं की पहिल्या दिवशीचा वाक दुसरी स्किन कायम करून टाकते.

कोअरची तयारी झटपट सांगतो. तारेने कापल्यावर पृष्ठभागावर केसांसारखे तंतू राहतात, ते २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढा आणि धूळ ओढून घ्या. धुळीवर लावलेलं इपॉक्सी धुळीलाच चिकटतं. सर्व्होसाठी (पंखाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरसाठी) खड्डे, वजन कमी करण्यासाठी भोकं असली काही कोरीव कामं स्किन चढवण्याआधी करू नका. माझ्या एका ग्लायडरच्या पंखात मी सर्व्होचे खड्डे आधी कोरून ठेवले होते, वरती दीड सेंमी फोम शिल्लक होता म्हणून निर्धास्त होतो. पंख बाहेर आला तेव्हा काही दिसलं नाही. चकचकीत फिल्म चढवली आणि उन्हात धरला, तर दोन्ही ठिकाणी बशीसारखा खळगा होता. बोट फिरवलं तर जेमतेम कळत होता, डोळ्यांना मात्र लांबून दिसत होता. तेव्हापासून खड्डा आधी कोरावाच लागला तर त्याच फोमचा तुकडा तिथे न चिकटवता घट्ट बसवतो आणि नंतर उपसून काढतो. वायरची बारीक नळी आधी केलेली चालते. तिचं रूटकडचं तोंड उघडं ठेवा, आतली हवा तिथून निघून जाते.

बाल्सा निवडताना वजनाबरोबर कापही (लाकूड ओंडक्यातून कसं कापलंय ते) बघा. पाटीवर (बाल्साच्या पातळ फळीवर) लांब सरळ रेषा दिसत असतील आणि ती रुंदीत सहज वाकत असेल तर ती गोलाईला चांगली. पाटीवर माशाच्या खवल्यांसारखे चमकते ठिपके दिसत असतील तर ती चौथाई कापाची. ती रुंदीत ताठ असते आणि जबरदस्तीने वाकवली की फुटते. अशी पाटी ट्रेलिंग एजकडच्या सपाट भागात लावा. लीडिंग एजकडे मऊ आणि वाकणारीच हवी. घनमीटरला १०० ते १३० किलोच्या आसपासची पाटी मी स्किनला घेतो. चार-पाच पाट्या वजन करून जोड्या लावतो आणि डाव्या-उजव्या पंखाला सारखं वजन जाईल असं वाटून टाकतो.

पाट्यांच्या कडा पोलादी पट्टीला लावून सरळ कापायच्या, मास्किंग टेपने बाहेरच्या बाजूने जोडायच्या, मग जोड पुस्तकासारखा उघडून आत पांढरा गोंद अगदी कमी लावून पुन्हा सपाट करायचं. सुपरग्लू वापरला तर जोडाची रेघ बाल्सापेक्षा कितीतरी टणक होते, घासताना आजूबाजूचं लाकूड जातं आणि ती रेघ वर उरते. सगळी स्किन फोमवर चढवण्याआधीच सपाट टेबलावर लांब ठोकळ्याने घासून घ्या. पंखावर चढल्यावर फक्त शेवटचा हात फिरवायचा. स्किन कोअरपेक्षा चहूबाजूंनी ५-६ मिमी मोठी ठेवा, त्याहून जास्त नको. जास्त लोंबणारी कड पिशवीने आत दुमडते आणि चिरते.

आता इपॉक्सी. पंखाचं वजन इथेच ठरतं. लॅमिनेटिंगचं पातळ इपॉक्सी आणि संथ हार्डनर घ्या, हाताशी किमान पाऊण तास राहील असं. पाच मिनिटांचं इपॉक्सी या कामाला नाही. पॉलिएस्टर रेझिन तर जवळही आणू नका, त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. ते इपॉक्सीच्या डब्यासारख्याच डब्यात मिळतं, म्हणून लेबल वाचा. नायट्राइलचे हातमोजे घाला. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर जात नाही, आणि मग हे काम सोडावं लागतं.

इपॉक्सी फोमला लावायचं नाही, बाल्साच्या आतल्या बाजूला लावायचं. तुमच्या पंखाच्या दोन्ही स्किन मिळून क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरच्या निम्मं, म्हणजे ०.३७५ चौरस मीटर. चौरस मीटरला ५० ते ६० ग्रॅम पुरतात, म्हणजे पंखाला जेमतेम २० ग्रॅम. कपात थोडं जास्त कालवा, पण लाकडावर राहायला हवं ते एवढंच. सपाट स्किनवर ओतून जुन्या प्लास्टिक कार्डाने पसरायचं, मग कार्ड उभं धरून सगळं खरवडून काढायचं. लाकूड ओलं आणि गडद दिसलं पाहिजे, पण दिव्याखाली तिरकं बघितलं तर पाण्यासारखी चमक कुठेही दिसता कामा नये. खरवडल्यावर पाच मिनिटं थांबा आणि परत बघा. बाल्सा कुठे कुठे जास्त पितो, तिथे फिकट कोरडे चट्टे उठतात. फक्त त्या चट्ट्यांवर बोटाने थेंब चोळा. ही पाच मिनिटं घाईत गाळली जातात आणि महिन्याभराने नेमकी त्याच जागी स्किन सुटून फुगते. दोन्ही स्किनचं वजन इपॉक्सीआधी आणि नंतर करून लिहून ठेवा, म्हणजे दुसरा पंख पहिल्याबरोबर राहतो.

लीडिंग आणि ट्रेलिंग एजला बोटभर पट्टीत मायक्रोबलून (काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे) घातलेलं थोडं घट्ट इपॉक्सी फोमलाही लावतो. ट्रेलिंग एजला दोन स्किनच्या मध्ये २५ मिमी रुंद, ५० ग्रॅमच्या काचकापडाची पट्टी घालतो. तिच्यामुळे कड कागदासारखी बारीक ठेवता येते आणि तरी ती हाताळताना मोडत नाही. ताण जास्त येणारं विमान असेल तर सर्वात जाड भागावर वरच्या-खालच्या स्किनखाली कार्बनची पट्टी ओल्यातच ठेवा.

कपात उरलेलं इपॉक्सी लगेच पसरट थाळीत ओता. कपात ढीग राहिला तर तो स्वतःच्या उष्णतेने तापतो आणि धूरही सोडू शकतो. खोली गरम असेल तर वेळ कमी मिळतो, दर १० अंशांना जवळपास निम्मा. त्यामुळे पिशवी, टेप, वजनं, सगळं मांडून झाल्यावरच हार्डनर मोजायला घ्या.

पिशवी साध्या पॉलिथिनची, ०.१ मिमी किंवा थोडी जाड. एक बाजू दुमडलेली, उरलेल्या तीन बाजू ब्यूटाइलच्या चिकट पट्टीने बंद. पंखाभोवती आधी पातळ प्लास्टिक किंवा मेणकागद, त्यावर हवा वाहून नेणारं काही, जुनी पातळ चादर किंवा पेपर नॅपकिनचा एक थर. हा थर नसेल तर पिशवी नळीच्या तोंडाशी चिकटते, गेज हवा तो आकडा दाखवतं, आणि पिशवीच्या दुसऱ्या टोकाला दाबच पोचलेला नसतो. थर सगळीकडे एकसारखा आणि सुरकुती नसलेला हवा, मऊ बाल्सावर चादरीची घडीसुद्धा उमटते. नळीचं तोंड पंखापासून दूर, कापडात गुंडाळून ठेवा. पंखाचे कोपरे पिशवी फाडतात, तिथे मास्किंग टेपचे दोन थर द्या.

इपॉक्सी कालवण्याआधी एकदा कोरडी तालीम करायची, पंख आत घालून, नेहमीचा दाब देऊन. पंप आणि सुईचा व्हॉल्व्ह दोन्ही बंद करून पाच मिनिटं गेज बघा. एक इंचापेक्षा जास्त पडला तर गळती आहे. खोली शांत करून कान लावला की बहुतेक वेळा घड्यांच्या कोपऱ्यात ती सूं असा आवाज देते. सुईचा व्हॉल्व्हही याच तालमीत ५ इंचांवर लावून ठेवा, म्हणजे प्रत्यक्ष कामात हात लावावा लागत नाही.

प्रत्यक्ष कामात हवा अर्धी खेचली की थांबा. ट्रेलिंग एज सरळ आहे का, स्किन कोअरवरून सरकली नाही ना, पिशवीची घडी कुठे अडकली का, हे पिशवीवरूनच बोटांनी चाचपून दुरुस्त करा. मग पूर्ण दाब, मग बेड आणि वजन. २५ अंशांच्या आसपास संथ हार्डनरला मी बारा ते सोळा तास दाब ठेवतो, थंडीत पूर्ण दिवस. कपातला उरलेला थर नखाने दाबून खूण पडते का बघा. खूण पडत असेल तर पिशवी उघडू नका. पिशवीतून काढल्यावरही पंख आणखी एक दिवस बेडमध्येच राहू दे, इपॉक्सीची शेवटची ताकद हळूहळू येते. गरम हवा देऊन घाई करायची असेल तर ४० अंशांच्या वर जाऊ नका, ७० च्या पुढे थर्माकोल मऊ पडू लागतो. बाहेर काढल्यावर सगळ्या पंखावर नखाने टकटक करत जा. जिथे आवाज पोकळ येतो तिथे इपॉक्सी कमी पडलं आहे. बारीक सुईने भोक पाडून इंजेक्शनने थोडं इपॉक्सी आत सोडा आणि वर मेणकागद ठेवून वजन द्या.

राहिला तुमचा आत्ताचा पंख. आधी पीळ कोणत्या दिशेचा आहे ते मोजा. रूट सपाट टेबलावर घट्ट धरा आणि टिपेला लीडिंग आणि ट्रेलिंग एजची उंची घ्या. टिपेची ट्रेलिंग एज वर गेली असेल तर तो वॉशआउट आहे. एक-दीड अंशापर्यंत असेल तर दुसरा पंख तेवढाच करून विमान उडवा, बेडखाली पट्टी सारून तेवढा पीळ मुद्दाम आणता येतो. ट्रेलिंग एज खाली गेली असेल तर तो पंख वापरू नका. कमी वेगात टिप आधी स्टॉल होईल (उचल गमावेल), आणि उतरताना एक बाजू अचानक कोसळेल. ट्रिम (कंट्रोलची बारीक जुळणी) देऊन ती सवय जात नाही.

तो पंख टाकायचाच ठरला तर वाया घालवू नका. करवतीने मधोमध आडवा कापा आणि कापलेली कड भिंगाखाली बघा. बाल्सा आणि फोम यांच्यामधली इपॉक्सीची रेघ केसाइतकी बारीक आणि अखंड दिसली पाहिजे. जिथे ती जाड पिवळी दिसेल तिथे तुम्ही कमी खरवडलंत, जिथे तुटलेली दिसेल तिथे लाकूड कोरडं राहिलं होतं. आणि स्किनला लागून असलेले थर्माकोलचे दाणे बघा. चांगल्या पंखात ते गोल असतात, तुमच्यातले चपटे झालेले दिसतील. पुढचा कोअर कापताना उरलेल्या फोमचा २० सेंमीचा तुकडा घ्या, स्किन चढवून ५ इंचांवर पिशवीत लावा, पिशवी बेडमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तोही असाच कापून या पंखाच्या शेजारी ठेवून बघा.